उत्तर नंतर, आधी सांगा माहिती पुरते का?



आज कांद्या-बटाट्यापासून सुरुवात करू. चाकणचा बाजार त्यासाठीच नावाजलेला, तेव्हा उदाहरण लांब शोधायला नको. समजा, एका बाईने २ किलो कांदे आणि ३ किलो बटाटे घेतले. बिल झालं १५० रुपये. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईने ४ किलो कांदे आणि ६ किलो बटाटे घेतले. तिचं बिल झालं ३०० रुपये. भाव दोघींना एकच. तर सांगा, कांद्याचा किलोचा भाव काय?

कागद-पेन्सिल शोधू नका. हातातलं काम चालू राहू द्या आणि नुसता विचार करा. कांदा ३० रुपये आणि बटाटाही ३० रुपये असेल, तर हिशोब जुळतो. कांदा १५ आणि बटाटा ४० असेल, तरी जुळतो. कांदा ४५, बटाटा २०, तरी जुळतो. म्हणजे भाव सांगता येत नाही. का येत नाही? दुसऱ्या बाईने पहिलीच्या बरोबर दुप्पट माल घेतला आणि दुप्पट पैसे दिले. तिच्या बिलातून आपल्याला नवं काहीच कळलं नाही. बिलं दोन दिसतात, पण बातमी एकच आहे.

शाळेत असताना पेपरात "सांगता येत नाही" असं लिहिलं असतं, तर भोपळा मिळाला असता. पण मोठ्या परीक्षांमध्ये असा एक प्रश्नांचा प्रकार आहे, ज्यात बरोबर उत्तरच असं असू शकतं. त्याला म्हणतात डेटा सफिशियन्सी. साध्या मराठीत, माहिती पुरेशी आहे का? आज त्याच्यावर बोलायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हा बायकांना कशाला? सांगतो. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात घरटी एक तरी माणूस कंपनीत आहे, आणि आता मुलीही आहेत. कोणी डिप्लोमा करून लाइनवर उभी राहते, कोणी बीकॉम होऊन स्टोअरमध्ये आवक-जावक लिहिते. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोने इंजिनियर हवेत म्हणून जाहिरात दिली होती. तिच्यात बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं वाचून सुधा मूर्तींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं होतं, आणि त्यांना तिथे नोकरीही मिळाली. त्या दारातून आता पुष्कळ मुली आत गेल्या. पण लाइनवरून वरच्या ऑफिसात जाणारा जिना अजून चढण्यासारखा आहे, आणि पुष्कळ ठिकाणी त्या जिन्याची पहिली पायरी एमबीएची आहे. म्हणून पाळी सुटल्यावर, डबा धुऊन, रात्री दहा वाजता पुस्तक उघडणाऱ्या मुली आमच्या गावांत आहेत. शनिवारी संध्याकाळी आमच्या बचत गटाच्या खोलीत त्या जमतात. आमच्यातल्या एकीने बरीच वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, ती त्यांना घेऊन बसते. आम्ही बाकीच्या चहा करायला म्हणून गेलो आणि गणितं ऐकत तिथेच बसलो.

तिथे आमच्या लक्षात आलं, की या मुली गणितात कच्च्या नाहीत. टक्केवारी, नफा-तोटा, वेळ-काम-वेग, सगळं पाठ. पण हा एक प्रकार आला की हुशारातली हुशार मुलगी अडते. याचं कारण तिची हुशारीच आहे. लहानपणापासून शिकवलं काय, तर प्रश्न आला की उत्तर काढ. इथे उत्तर कोणी मागितलेलंच नाही. इथे विचारलंय, की उत्तर काढायला लागणारं सगळं सामान तुझ्यापुढे आहे का? घरात पाहुणे आले तर आपण आधी डबे उघडून बघतो, पुरण होण्याइतकी डाळ आणि गूळ आहे का. त्यासाठी पुरण शिजवून बघत नाही.

परीक्षेचं थोडं सांगतो. आपल्या राज्यात एमबीएच्या प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष परीक्षा घेतो. गेली काही वर्षं तिचा साचा असा आहे : २०० प्रश्न, १५० मिनिटं. भागाकार केलात तर एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. त्यात तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न. चुकलं तर गुण कापत नाहीत. पेपर सगळा इंग्रजीत. दुसरी परीक्षा जीमॅट. तिचे गुण परदेशातली आणि आपल्या देशातली काही कॉलेजं धरतात. जीमॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये बदलली. पूर्वी हे प्रश्न तिच्यात गणिताच्या भागात असत, आता डेटा इनसाइट्स नावाच्या नव्या भागात आहेत. बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या परीक्षेतही हा प्रकार येतो. तेव्हा मुलगी एमबीएला जावो की बँकेत, याच्याशी गाठ पडणारच.

प्रश्नाची मांडणी ठरलेली असते. वर एक प्रश्न, खाली माहितीची दोन वाक्यं. मग पाच पर्याय, तेही ठरलेले. पहिलं वाक्य एकटं पुरतं, दुसरं नाही, हा पहिला पर्याय. दुसरं एकटं पुरतं, पहिलं नाही, हा दुसरा. एकेकटं पुरत नाही पण दोन्ही मिळून पुरतात, हा तिसरा. दोन्हींपैकी कुठलंही एक घेतलं तरी पुरतं, हा चौथा. आणि दोन्ही एकत्र करूनही पुरत नाही, हा पाचवा. हा क्रम जीमॅटचा. बँकेच्या परीक्षांत शेवटच्या तीन पर्यायांची जागा बहुतेकदा वेगळी असते, म्हणून नुसतं पाठ करून जाऊ नये, त्या दिवशीचा पेपर वाचावा.

एक उदाहरण घेऊ. एका कारखान्यात एकूण कामगार किती? पहिली माहिती : बायकांपेक्षा पुरुष १२० ने जास्त आहेत. दुसरी माहिती : पुरुष बायकांच्या तिप्पट आहेत.

पहिल्या माहितीवरून काय कळलं? बायका १० असतील तर पुरुष १३०. बायका ५०० असतील तर पुरुष ६२०. एकूण काहीही येऊ शकतं. म्हणजे पुरत नाही. आता दुसरी माहिती बघायची. पण बघताना पहिली विसरायची! हे सगळ्यांत अवघड. मुली पहिलं वाक्य वाचतात, ते डोक्यात राहतं, आणि दुसरं वाचताना नकळत ते १२० आत शिरतात. मग त्यांना वाटतं, दुसरी माहिती एकटीच पुरली. आमच्या मास्तरीणबाईंनी यावर उपाय काढला : पहिल्या वाक्यावर चक्क तळहात ठेवायचा. हाताखालचं दिसलं नाही म्हणजे आठवत नाही. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत पडद्यावर हात ठेवता येत नाही, पण तोवर सवय लागलेली असते.

तर नुसतं "तिप्पट" घेतलं तर बायका १० आणि पुरुष ३०, किंवा बायका १०० आणि पुरुष ३००. पुरत नाही. आता हात उचला, दोन्ही एकत्र करा. पुरुष बायकांच्या तिप्पट, म्हणजे बायकांइतक्या आणखी दोन राशी जास्त. त्या दोन राशी म्हणजे १२०. एक रास ६०. बायका ६०, पुरुष १८०, एकूण २४०. पर्याय तिसरा. खरं म्हणजे हे २४० काढायचीही गरज नव्हती. दोन राशी मिळून १२० एवढं दिसलं, तिथेच थांबायचं. खूण करायची आणि पुढच्या प्रश्नाला जायचं. वाचलेले वीस सेकंद दुसरीकडे लागतात.

आणि हो, वेळ वाचवायचा आणखी एक मार्ग. पहिली माहिती पुरली, तर उत्तर पहिला पर्याय किंवा चौथा, बाकीचे तीन गेले. पुरली नाही, तर पहिला आणि चौथा गेले, तीन राहिले. म्हणजे अर्ध्या कामातच पाचातले दोन-तीन पर्याय कटतात. सीईटीत गुण कापत नाहीत म्हटल्यावर उरलेल्यांतला एखादा ठोकला तरी तोटा नाही.

आता पुन्हा बाजारात चला. त्याच दोन बिलांवर वेगळा प्रश्न विचारू. ६ किलो कांदे आणि ९ किलो बटाटे घेतले तर बिल किती? आता काय म्हणाल? पहिल्या बिलाच्या तिप्पट माल, म्हणजे ४५० रुपये. दुसऱ्या बिलाच्या दीडपट, तरीही ४५०. आता कुठलंही एक बिल पुरतं. चौथा पर्याय! बघा, माहिती तीच, एक अक्षर बदललं नाही. प्रश्न बदलला आणि अपुरी माहिती पुरेशी झाली. कांद्याचा भाव अजूनही आपल्याला माहीत नाही, पण आता तो कोणी विचारलेलाच नाही. म्हणून आमच्या खोलीत नियम आहे, की आधी प्रश्न दोनदा वाचायचा आणि मग माहिती एकदा. मुली उलट करतात.

दुसरा घोटाळा होतो "नाही" या उत्तराचा. हा प्रश्न ऐका. एका बचत गटाची वर्षभराची बचत ३०,००० रुपयांपेक्षा जास्त आहे का? माहिती : गटात १२ बाया आहेत, प्रत्येकीने दर महिन्याला २०० रुपये भरले, एकीनेही खाडा केला नाही. हिशोब सोपा आहे. महिन्याचे २,४००, वर्षाचे २८,८००. तीस हजारांपेक्षा जास्त आहे का? नाही. तर मग माहिती पुरेशी आहे की नाही?

पाचांतल्या तीन मुली म्हणाल्या, पुरेशी नाही. अगं, का नाही? प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, पण पक्कं आलं ना! पक्का नकार हेही पूर्ण उत्तर आहे. स्थळाकडून स्पष्ट नकार आला तर निदान पुढचं बघता येतं; "कळवतो" म्हणून महिनाभर लटकवतात, ती खरी अपुरी माहिती. हे बोलणं झालं आणि मुली हसल्या, पण त्यानंतर ही चूक परत कोणी केली नाही.

आता त्याच गणितात एक शब्द घालू. प्रत्येकीने दर महिन्याला किमान २०० रुपये भरले. संपलं! आता बचत २८,८०० किंवा त्याहून जास्त. तीस हजारांच्या वर गेली का? कोणास ठाऊक. एका "किमान"ने पुरेशी माहिती अपुरी केली. मराठी माध्यमातल्या मुलींचं गणित अडतं ते इथे. पेपर इंग्रजीत असतो आणि हे छोटे शब्द डोळ्यांतून निसटतात. ॲट लीस्ट म्हणजे किमान, ॲट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त, एक्झॅक्टली म्हणजे नेमके, नॉट लेस दॅन म्हणजे तेवढे किंवा वर. थ्री टाइम्स ॲज मेनी आलं की कोण कोणाच्या तिप्पट, ते बोटाने दाखवून वाचायचं. असे वीस-पंचवीस शब्द आमच्या मुलींनी एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलेत. इंग्रजीचं जाडजूड व्याकरण पाठ करण्यापेक्षा हा पुठ्ठा जास्त गुण देतो असं आमचं मत आहे. इंग्रजीच्या बाई आमच्यावर रागावतील, पण मत आहे खरं.

आता आमच्या आवडीचं गणित. यात आम्ही बाया मुलींच्या पुढे गेलो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एका बाईने जत्रेत पापडाची काही पाकिटं आणि चटणीची काही पाकिटं विकली. पापडाचं पाकीट ३५ रुपये, चटणीचं ५० रुपये. पापडाची पाकिटं किती विकली? पहिली माहिती : दोन्ही प्रकारची विक्री मिळून ४१० रुपये आले. दुसरी माहिती : पाकिटं एकूण १० विकली.

मुलींनी लगेच सांगितलं, दोन्ही माहिती लागतील, पर्याय तिसरा. कारण शिकवलेलं असतं, की न कळलेल्या गोष्टी दोन असतील तर समीकरणंही दोन लागतात. काही क्लासवाले तर हे मंत्रासारखं घोकून घेतात. आमच्यातली एक जण खरोखरच पापड विकते. ती म्हणाली, "थांबा गं. पाकीट काय फोडून अर्धं देते का मी? चटणीचे पैसे पन्नास-पन्नासनीच येणार. मग उरलेले पापडाचे किती ते बघा की."

चला बघू. चटणीचं १ पाकीट गेलं असेल, तर पापडाचे उरले ३६०. पस्तिसाने भाग जात नाही. २ गेली तर उरले ३१०, जात नाही. ३ गेली तर २६०, नाही. ४ गेली तर २१०. पस्तीस सक दोनशे दहा! जमलं. पण थांबू नका, पुढेही बघायला हवं, कारण दुसरं उत्तर निघालं तर माहिती अपुरी ठरेल. ५ गेली तर १६०, नाही. ६ गेली तर ११०, नाही. ७ गेली तर ६०, नाही. ८ गेली तर १०, नाही. म्हणजे एकच उत्तर : पापडाची ६, चटणीची ४. पहिली माहिती एकटीच पुरली. आता तिच्यावर हात ठेवून दुसरी बघा. पाकिटं एकूण १०, एवढ्यावरून पापडाची १ असू शकतात किंवा ९. पुरत नाही. उत्तर पर्याय पहिला, तिसरा नव्हे.

हा सापळा मुद्दाम लावलेला असतो. पाकिटं, माणसं, बस, म्हशी, यांचे तुकडे होत नाहीत, आणि हे प्रश्नात कुठेही लिहिलेलं नसतं. न लिहिलेली ही तिसरी माहिती असते. दुधाचं किंवा तेलाचं गणित असतं, तर अर्धा लिटर, पाव लिटर चाललं असतं, आणि मग मंत्र खरा ठरला असता. कोणती वस्तू मोजायची आणि कोणती मापायची हे विकणारीला जितकं पटकन कळतं, तितकं पुस्तकातून कळत नाही.

मैत्रिणींनो, याच खोलीत एका शनिवारी हा प्रकार परीक्षेबाहेर कामाला आला. आमच्या एका काकूंना घरोघर येऊन कर्ज देणाऱ्या एका माणसाने सांगितलं होतं : ४०,००० रुपये घ्या, दोन वर्षांत फेडा, वर्षाला फक्त १२ टक्के. काकूंनी मुलींना विचारलं, व्याज किती जाईल गं? एकीने पेन उचललं, आणि खाली ठेवलं. म्हणाली, "काकू, माहिती अपुरी आहे."

का अपुरी? कारण १२ टक्के दोन तऱ्हांनी लावता येतात. एक तऱ्हा सरसकट व्याजाची, तिला फ्लॅट रेट म्हणतात. पूर्ण ४०,००० वर दोन्ही वर्षं व्याज, मधे तुम्ही कितीही फेडलेलं असो. वर्षाचे ४,८००, दोन वर्षांचे ९,६००. महिन्याचा हप्ता येतो साधारण २,०६७ रुपये. दुसरी तऱ्हा घटत्या शिलकीवरच्या व्याजाची. जितकं मुद्दल उरलं तितक्यावरच व्याज. तिच्यात हप्ता येतो साधारण १,८८३ आणि दोन वर्षांचं व्याज साधारण ५,१९० रुपये. टक्के तेच बारा, आणि फरक जवळजवळ ४,४०० रुपयांचा. दोन महिन्यांच्या हप्त्यांहून जास्त.

मग पुरेशी माहिती कोणती? मुलीने काकूंना सांगितलं, टक्के विचारूच नका. दोन गोष्टी विचारा : सगळे हप्ते सारखे असतील तर महिन्याचा हप्ता किती आणि असे हप्ते किती. दोघांचा गुणाकार करा, हातात पडणारी रक्कम त्यातून वजा करा. उरेल ते कर्जाचं खरं मोल. हातात पडणारी, असं ती मुद्दाम म्हणाली. कारण कागदावर ४०,००० असतात आणि प्रोसेसिंग फी, विमा असं म्हणून काही आधीच कापून घेतात. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्या माणसाला हप्ता विचारला. तो म्हणाला, दोन हजार सदुसष्ट. मग काकूंनी कर्ज घेतलंच नाही, गटातून २०,००० उचलले आणि शिवणयंत्र जुनं घेतलं. यंत्र छान चालतंय.

याला कायद्याचीही साथ आहे, ती माहीत असू द्या. बचत गटाबाहेरच्या लहान कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज त्यांत बसतं. असं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. आणि कर्जाची सगळी माहिती एका ठरावीक तक्त्यात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आधी लिहून द्यावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर बँका आणि वित्त कंपन्यांच्या वैयक्तिक मुदत कर्जांनाही असा तक्ता सक्तीचा झाला. त्याचं नाव की फॅक्ट्स स्टेटमेंट, बोलताना केएफएस म्हणतात. त्यात फी वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागा. मराठीत मागा.

आणखी एक प्रश्न आमच्याकडे दर वर्षी येतो, आणि तोही याच जातीचा आहे. मुलीला एमबीएला प्रवेश मिळाला, फी माफ होईल का? २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातल्या आणि इतर मागास वर्गातल्या मुलींसाठी ही योजना आहे.

आता एक आई येऊन सांगते, आमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, आणि मुलीला पिंपरीच्या कॉलेजात जागा मिळाली आहे. पुरली का माहिती? नाही पुरली. प्रवर्ग कोणता, ते कळलं नाही. कॉलेज अभिमत विद्यापीठाचं तर नाही ना, ते कळलं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जागा कशी मिळाली? सीईटीचे गुण लावून सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, ज्याला कॅप राउंड म्हणतात, की संस्थेच्या व्यवस्थापन कोट्यातून? कॅपमधून मिळाली असेल तरच माफी. कोट्यातली जागा घेतली तर मुलगी तीच, कॉलेज तेच, वर्ग तोच, आणि फी पूर्ण भरायची. म्हणून त्या पंचेचाळीस सेकंदांना एवढं महत्त्व आहे. चार-पाच प्रश्न जास्त सुटले आणि कॅपमध्ये नाव लागलं, तर त्या घरावर फीसाठी कर्ज काढायची वेळ येत नाही. वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च मात्र वेगळा धरा. पैसे भरण्याआधी कॉलेजच्या खिडकीवर विचारायचं, ही जागा कॅपची की कोट्याची, आणि उत्तर तोंडी न घेता प्रवेशाच्या कागदावर बघायचं.

वेळ संपत आली, तर जाताजाता एक गणित घेऊन जा. तुमच्या गावात कोणी मुलगी तयारी करत असेल, तर तिला घाला. एका गटात २५ बाया आहेत. त्यांतल्या १५ जणी पापड लाटतात, १४ जणी लोणचं घालतात. दोन्ही कामं करणाऱ्या किती? ती पटकन म्हणेल, १५ आणि १४ मिळून २९, त्यातून २५ गेले, राहिल्या ४. मग तिला शांतपणे विचारा, की गटात दोन्हींपैकी काहीच न करणाऱ्या, नुसत्या मीटिंगला येऊन चहा पिणाऱ्या बाया किती, ते तुला कोणी सांगितलं का? तशा ४ जणी निघाल्या, तर काम करणाऱ्या राहतात २१, आणि दोन्ही करणाऱ्या होतात ८.